३१ मार्चच्या आत तुमचा बॅकअप एकदा उघडून पाहा

पतसंस्थांचे सचिव आणि व्यवस्थापक, हाउसिंग सोसायट्यांचे खजिनदार, दवाखाने आणि सोनोग्राफी केंद्रं चालवणारे डॉक्टर, शाळांचे मुख्याध्यापक, प्रकाशक, छापखानदार, सीए, आडते, दुकानदार, थोडक्यात ज्यांच्या ऑफिसच्या कोपऱ्यात एक सर्व्हर घरघरत असतो त्या सगळ्यांना ही विनंती आहे, आणि ती तातडीची आहे. येत्या ३१ मार्चच्या आत एक रविवार काढा. तुमचा अगदी अलीकडचा बॅकअप घ्या, तो दुसऱ्याच मशीनवर चढवा आणि त्यावर तुमचं रोजचं काम चालतंय का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मागणी एवढीच आहे. पुढे जे लिहितोय ते ही मागणी का, आणि ती पुरी कशी करायची, यासाठी.

"बॅकअप आहे का?" असं विचारलं की आपल्याकडे उत्तर तयार असतं. "हो, रोज होतो की. ऑटोमॅटिक लावलाय." कुणी लावला? "सॉफ्टवेअरवाल्याने." जातो कुठे? "त्या काळ्या हार्डडिस्कवर." परत चढवून कधी पाहिला? इथे सगळे एकमेकांकडे बघतात. मग कुणीतरी सांगतं, तशी वेळच आली नाही कधी, देवाच्या दयेने. ही देवाची दया किती दिवस पुरवायची, हा प्रश्न आहे.

३१ मार्चच का, याचं एक कारण तुम्हाला माहीतच आहे. वर्षअखेरीचं व्याज, तरतुदी, लाभांश, ताळेबंदाची जुळवाजुळव असं सगळं त्या आठ-दहा दिवसांत सर्व्हरवर येऊन पडतं, आणि बंद पडायचं असेल तर सर्व्हरही नेमका तोच मुहूर्त शोधतो. दुसरं कारण गमतीचं आहे. जगभर ३१ मार्च हा 'वर्ल्ड बॅकअप डे' म्हणून पाळतात, एप्रिल फूल व्हायच्या आदल्या दिवशी. ज्यांनी तो ठरवला त्यांना आपलं मार्च एंडिंग ठाऊक नसणार, नाहीतर त्यांनी दुसरी तारीख शोधली असती. १५ आणि २२ मार्च हे दोन रविवार हाताशी आहेत. २९ चा मोजू नका, त्या दिवशी तुम्ही सगळे असेही ऑफिसातच असणार.

आता 'रोज होतो की' या उत्तराची किंमत बघू. गिटलॅब ही अशी कंपनी आहे की जगभरचे प्रोग्रामर आपला कोड तिच्याकडे ठेवायला देतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथला एक इंजिनिअर दोन डेटाबेस सर्व्हरांमधला बिघडलेला ताळमेळ दुरुस्त करत होता. दुय्यम सर्व्हरवरचं फोल्डर रिकामं करायचं होतं. आज्ञा दिली गेली मुख्य सर्व्हरवर. क्षणात चूक ध्यानात आली आणि त्याने ती थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. तरी घाबरायचं कारण नव्हतं, कारण कंपनीकडे डेटा वाचवण्याचे एकदोन नव्हे, पाच मार्ग होते. मग एकेक तपासायला घेतला. रोजचा डेटाबेस डम्प, म्हणजे सगळ्या नोंदी उतरवलेली फाईल, जिथे साठायचा ती जागा रिकामी निघाली. डेटाबेस होता पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा आणि डम्प काढणारा प्रोग्राम ९.२ चा. तो रोज सुरू व्हायचा आणि रोज एरर देऊन थांबायचा. एरर कळवणारे ईमेल निघत होते, पण त्यांवर योग्य ती डिजिटल सही नसल्याने पलीकडचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. डिस्कचे आपोआप निघणारे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या जशाच्या तशा प्रती, इतर सर्व्हरांना लावलेले होते, नेमके डेटाबेसच्या सर्व्हरांना नव्हते.

कामाला आला तो सहा तास आधी, चाचणीच्या कामासाठी, हाताने काढलेला एक स्नॅपशॉट. योगायोग म्हणा. चाचणीच्या मशीनच्या डिस्क संथ असल्याने तो परत आणायलाच अठराएक तास गेले. मधल्या सहा तासांतलं काम कायमचं गेलं: अंदाजे ५,००० प्रोजेक्ट, ५,००० कॉमेंट, ७०० नवे वापरकर्ते. कंपनीने ही सगळी दुरुस्ती यूट्यूबवर लाईव्ह दाखवली आणि काय काय बंद पडलेलं होतं ते स्वतःच जाहीर केलं. आपल्याकडे एवढा मोकळेपणा कुणी दाखवत नाही, म्हणून परदेशातली उदाहरणं द्यावी लागतात.

आपल्या ऑफिसात हे कसं घडतं ते जरा जवळून पाहा. बऱ्याच छोट्या संस्थांचं सॉफ्टवेअर मायएसक्यूएल या डेटाबेसवर चालतं. व्हेंडर रात्री दोनची एक ओळ लावून जातो: डेटाबेसचा डम्प काढ, तो जीझिपने दाबून लहान कर, तारीख घालून डिस्कवर ठेव. पुढे कधीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला जातो आणि या ओळीत तो बदलायचा राहतो. त्या रात्रीपासून डम्प काढणारा प्रोग्राम दारातच अडतो. त्याच्यापुढे जोडलेल्या जीझिपला मात्र याचा पत्ता नसतो. आत काहीच आलं नाही, तर ते 'काहीच नाही' नीट दाबून तो त्याची फाईल करून ठेवतो. नाव बरोबर, तारीख बरोबर, काम यशस्वी झाल्याची नोंदसुद्धा, कारण नेहमीच्या मांडणीत या साखळीतल्या शेवटच्या प्रोग्रामचा निकाल तेवढा धरला जातो. फाईलचा आकार असतो २० बाइट. विंडोज तोच '१ केबी' असा दाखवतं. फोल्डर उघडलं की महिनाभराच्या फाईली ओळीने उभ्या दिसतात; शेजारच्या आकाराच्या रकान्याकडे कोण बघतं?

तर रविवारपर्यंतही थांबू नका, आज एवढं करा. गेल्या पंधरा दिवसांच्या बॅकअपचे आकार पाहा. नोंदी वाढतात तसा आकार रोज थोडाथोडा वाढायला हवा. एकाएकी घटला असेल किंवा कितीतरी दिवस आकडा तोच असेल, तर पाणी मुरतंय. डम्प मधेच तुटलाय का, हेही कळतं. पूर्ण झालेल्या मायएसक्यूएल डम्पच्या अगदी शेवटच्या ओळीत एरवी 'डम्प कम्प्लीटेड ऑन' आणि पुढे तारीख-वेळ असते. डिस्क भरल्याने अर्ध्यात थांबलेल्या फाईलीत ती ओळ नसते. ज्यांच्याकडे एसक्यूएल सर्व्हर आहे त्यांना व्हेंडर सांगतो, आम्ही 'व्हेरिफाय ओन्ली' चालवतो, काळजी नको. काळजी हवी. त्या आज्ञेने बॅकअपची फाईल पुरी आहे आणि वाचता येते एवढं समजतं. आतल्या नोंदी शाबूत आहेत का, हे समजायला तो बॅकअप चढवायचाच लागतो आणि चढवलेल्या डेटाबेसवर 'चेकडीबी' चालवावं लागतं.

आता दुसरा रोग: बॅकअप चांगला आहे, पण तो मूळ डेटाच्या मांडीला मांडी लावून बसलाय. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत मी गेलो होतो. सर्व्हरवरच्या सगळ्या फाईलींच्या नावाला नवं शेपूट लागलेलं, आणि प्रत्येक फोल्डरात खंडणीची चिठ्ठी. बॅकअपची हार्डडिस्क होती, पण ती वर्षानुवर्षं सर्व्हरलाच जोडून ठेवलेली, ई ड्राइव्ह म्हणून. त्यामुळे तीही कुलूपबंद. दोन क्लार्क आणि पिग्मी एजंट छापील रोजकीर्दीवरून महिन्यामहिन्यांच्या नोंदी पुन्हा भरत बसले. जुन्या वळणाचे मॅनेजर रोज संध्याकाळी रोजकीर्द छापून सही करून फाईलला लावायचे, म्हणून निभावलं. ज्यांनी 'आमची शाखा पेपरलेस' अशी पाटी लावली आहे त्यांनी याचा विचार करावा. पतसंस्थांच्या ठेवींना बँकांसारखं ठेव विम्याचं संरक्षण नाही, हेही संचालकांनी ध्यानात ठेवावं. खातेदाराची शिल्लक किती, याचा पुरावा तुमच्याच सर्व्हरवर आहे.

मोठ्यांचंही वेगळं नाही. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' हा घातक प्रोग्राम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला आणि जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोसळली, आणि तिच्या समूहाकडे असलेलं न्हावाशेव्याचं गेटवे टर्मिनल्सही. कुठला कंटेनर कुठे ठेवलाय आणि कुठे जायचाय, हे सांगणारा कॉम्प्युटरच नाही म्हटल्यावर बंदराचं काय होतं ते उरण-पनवेलच्या ट्रकवाल्यांना विचारा. मर्स्कच्या नेटवर्कात कोण आहे आणि कुणाला कुठे प्रवेश आहे, ही माहिती सांभाळणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते. ते एकमेकांशी सतत जुळवून घेत असत. एक गेला तर बाकीचे आहेतच, ही त्यांची बॅकअपची कल्पना. सगळे एकाच वेळी गेले. वाचला फक्त घानामधला, कारण हल्ल्याच्या सुमारास तिथली वीज गेलेली होती. तिथून इंग्लंडला डेटा पाठवायला लाईन फार संथ, डिस्क घेऊन जायला घानातल्या कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही; म्हणून एक माणूस विमानाने नायजेरियाला गेला आणि तिथे ती डिस्क दुसऱ्याच्या हाती दिली. महावितरणनेही आपल्यातल्या कुणावर नकळत असे उपकार केले असतील, पण त्या भरवशावर संस्था चालवता येत नाही.

म्हणून 'आमचं सगळं गुगल ड्राइव्हवर सिंक होतं' हे उत्तर पुरेसं नाही. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, इथली फाईल बिघडली की बिघडलेलीच तिकडे जाते. ट्रॅश आणि जुन्या आवृत्त्या मिळतात, पण काही दिवसांपुरत्या. 'सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत, रेड केलंय' हेही तसंच. एक डिस्क मेली तर दुसरी चालू राहते, त्यासाठी ते उत्तम आहे. चुकून पुसलेली खतावणी मात्र दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते.

जागा बदलणं तर त्याहून महत्त्वाचं. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली, बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाईली जिथे ठेवल्या जात तो 'जी-ड्राइव्ह' जळाला: ८५८ टेराबाइट. त्याची बाहेर कुठेही प्रत नव्हती. साठा फार मोठा, म्हणून बाहेर बॅकअप ठेवता आला नाही, असं नंतर सांगण्यात आलं. तंत्रज्ञानात कोरिया आपल्या कितीतरी पुढे आहे हो, पण आगीला ते कळत नाही. आणि आपल्याला आग तरी कशाला हवी? २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या दुकानांत टेबलावरचा कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणातला पेनड्राइव्ह यांचा निकाल एकच लागला. सांगली-कोल्हापूरने २०१९ मध्ये हेच पाहिलं. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेलं ३-२-१ हे सूत्र यासाठीच आहे: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. नदीकाठच्या संस्थेने तिसरी प्रत नदीकाठच्याच शाखेत ठेवू नये, एवढी भर त्यात आपण घालू.

हे सगळं नीट पाळणाऱ्यांचं काय होतं? युनिसुपर हा ऑस्ट्रेलियातला निवृत्तिवेतन निधी आहे, सहा लाखांहून जास्त सभासदांचा. मे २०२४ मध्ये गुगल क्लाउडच्या बाजूने झालेल्या एका चुकीच्या मांडणीमुळे त्यांची तिथली खाजगी क्लाउड व्यवस्था पुसली गेली. दोन वेगळ्या ठिकाणी प्रती होत्या, त्याही गेल्या, कारण दोन्ही त्याच खात्याखाली होत्या. निधी पुन्हा उभा राहायला मोठा हातभार लागला तो दुसऱ्याच कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपचा. सभासदांना काही दिवस खातं बघता आलं नाही. पैसे गेले नाहीत. वर्तमानपत्रांत आलं आणि लोक विसरून गेले. असं विसरलं जाणं हे नशीब समजा.

प्रकाशक आणि छापखान्यांना वेगळं सांगायचं आहे. तुमच्याकडे सीडींचे गठ्ठे आहेत, वीस-पंचवीस वर्षांच्या दिवाळी अंकांचे, पुस्तकांचे. त्यातली फाईल कॉपी होते, आकारही बरोबर. पण ती पेजमेकरची आहे आणि पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, आली २००१ साली. फॉन्ट श्रीलिपीचा, किंवा एपीएस, आकृतीचा. त्याला मागे लावायचा लॉक जुन्या कॉम्प्युटरबरोबर भंगारात गेलेला. नव्या मशीनवर उघडली तर कथेच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांगोळी. डेटा आहे, वाचणारं काही नाही. मराठीतलं किती तरी लेखन आज या अवस्थेत आहे, आणि ते लिहिणारे एकेक करून जात आहेत. ज्यांच्याकडे जुना फॉन्ट चालणारं एखादं मशीन अजून शिल्लक आहे त्यांनी ते फॉरमॅट करण्याआधी प्रत्येक अंकाची पीडीएफ काढावी आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून ठेवावा. यात ३१ मार्चचा संबंध नाही, ते मशीन सुरू होतंय तोवरचीच मुदत आहे.

हीच गोष्ट हिशेबाच्या सॉफ्टवेअरलाही लागू आहे. टॅलीत कंपनीला व्हॉल्ट पासवर्ड लावलेला असेल आणि तो फक्त एका अकाउंटंटला माहीत असेल, तर बॅकअप कितीही चांगला असला तरी तो माणूस सोडून गेल्यावर उपयोग शून्य. तो पासवर्ड टॅलीवालेही काढून देऊ शकत नाहीत. विंडोजच्या बिटलॉकरची किल्ली, डेटाबेसचा ॲडमिन पासवर्ड, लायसन्सचा नंबर, सॉफ्टवेअरची सेटअप फाईल, हे सगळं बॅकअपचाच भाग समजा. कागदावर लिहा, पाकिटात घाला, सीलबंद करून बँकेच्या लॉकरमध्ये किंवा अध्यक्षांच्या घरी ठेवा.

आता बॅकअपची वेळ आणणाऱ्या सर्व्हरकडे येऊ. सर्व्हर घेतला त्या दिवशी जे सॉफ्टवेअर त्यावर घातलं ते तसंच चाललंय, कारण 'चालतंय ना, मग हात कशाला लावता' हे आपलं तंत्रज्ञान-धोरण. विंडोज सर्व्हर २०१२ च्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या १० ऑक्टोबर २०२३ ला संपल्या. मायएसक्यूएल ५.७ चा आधारही त्याच महिन्यात गेला. सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज सर्व्हर २०१६ ला १२ जानेवारी २०२७ पर्यंत मुदत आहे, म्हणजे येत्या अर्थसंकल्पात तरतूद करायलाच हवी. यातलं काही तुमच्याकडे आहे का, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर व्हेंडरकडून लेखी घ्या.

कुणाला वाटेल, आम्ही लहान, आमच्या वाटेला कोण जाणार? ३१ जुलै २०२४ ला तीनशेच्या आसपास छोट्या बँकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार एकदम थांबले. त्यांना तांत्रिक सेवा देणाऱ्या सी-एज या कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाला होता आणि खबरदारी म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला पेमेंट व्यवस्थेपासून तोडलं. सहकारी बँका आणि ग्रामीण बँकाच त्यात होत्या. सुरक्षा तपासनिसांनी काढलेला माग एका पुरवठादाराच्या, जेन्किन्स या सॉफ्टवेअरच्या नीट न लावलेल्या सर्व्हरपर्यंत पोचला. त्या सॉफ्टवेअरमधल्या एका गंभीर त्रुटीची दुरुस्ती त्याच वर्षीच्या जानेवारीत उपलब्ध झाली होती. म्हणजे जुनं सॉफ्टवेअर तुमच्याकडेच असावं लागतं असं नाही. तुमच्या व्हेंडरच्या व्हेंडरकडे असलं तरी पुरतं.

खुद्द बॅकअप घेणारं सॉफ्टवेअरही याला अपवाद नाही. व्हीम हे त्यातलं नावाजलेलं नाव. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यातल्या एका मोठ्या भोकाची दुरुस्ती कंपनीने आणली. ज्यांनी ती बसवली नाही अशांच्या सर्व्हरांत 'अकिरा' आणि 'फॉग' या टोळ्या त्याच भोकातून शिरल्याचं महिनाभरात उघड झालं. चोरांना पक्कं माहीत आहे की आधी बॅकअप मोडला की खंडणी मिळते. दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ ला हल्ला झाला, पाच सर्व्हरांवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला, केसपेपरपासून लॅबच्या रिपोर्टांपर्यंत सगळं कितीतरी दिवस हाताने चाललं. रुग्णांच्या नोंदी परत मिळाल्या, कारण एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून सुटला होता. सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरात हल्ल्याचं कारण सांगितलं: नेटवर्कचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते.

अपडेटची भीती वाटणाऱ्यांची मी चेष्टा करणार नाही, त्यांच्याकडे पुरावा आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. पण या भीतीवरही उपाय तोच आहे जो मी पहिल्या परिच्छेदात मागितला. ज्या दुसऱ्या मशीनवर तुम्ही बॅकअप चढवणार आहात ते तुमच्या सर्व्हरची बरीचशी नक्कल असेल. अपडेट आधी तिथे घाला, रोजचं काम करून बघा, मग खऱ्या सर्व्हरला हात लावा. एका रविवारात दोन्ही कामं होतात, म्हणूनच मी त्यासाठी इतका हट्ट धरतोय.

रविवारी काय करायचं ते सांगतो. ऑफिसात बाजूला काढलेला एखादा कॉम्प्युटर घ्या. नवा नको, डिस्कला जागा असली म्हणजे झालं. नेटवर्कची वायर काढून ठेवा, नाहीतर नक्कल मशीन खऱ्या सर्व्हरशी बोलायला जाईल किंवा ग्राहकांना पुन्हा एसएमएस पाठवत बसेल. बॅकअप कालचा घ्या, आणि तो बाहेर ठेवलेल्या प्रतीवरून घ्या, सर्व्हरच्या शेजारच्या नव्हे. टॅली असेल तर वेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा. चालू डेटाच्या फोल्डरवर केलंत तर जुना बॅकअप आजच्या नोंदींवर बसेल आणि तपासणीचीच दुर्घटना होईल. घड्याळ लावा. सुरुवात केल्यापासून पहिली पावती निघेपर्यंत किती वेळ गेला ते लिहा, कारण संकटाच्या दिवशी काउंटरवरच्या माणसाला तोच आकडा सांगायचा असतो. क्लाउडवरून उतरवत असाल तर गणित आधीच करून ठेवा: ५० एमबीपीएसच्या लाईनवर १ टेराबाइट उतरायला सुमारे ४४ तास लागतात, तेही लाईन पूर्ण वेगाने चालली तर.

मग तपासणी. प्रोग्राम उघडला, लोगो दिसला, म्हणजे झालं नाही. पतसंस्थेने कालच्या तारखेची तेरीज काढावी आणि काल छापलेल्या तेरजेशी पैशापर्यंत ताडून बघावी. पाच खातेदार निवडा, एक जुनं बचत खातं, एक चालू कर्ज, एक पिग्मी, एक बंद झालेलं, एक मयताच्या वारसाचं, आणि त्यांचे उतारे काढा. सह्यांचे नमुने आणि फोटो दिसतात का पाहा, कारण ते बरेचदा डेटाबेसच्या बाहेर वेगळ्या फोल्डरात असतात आणि बॅकअपमध्ये घ्यायचे राहून गेलेले असतात. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच्या एखाद्या पेशंटची सोनोग्राफीची इमेज उघडावी, नुसतं नाव नव्हे. शाळेने दहा वर्षांपूर्वीचा एखादा दाखला काढून बघावा. सोसायटीने एका सभासदाचं थकबाकीचं बिल. हे काम संगणकतज्ज्ञाचं नाही. तेरीज जुळली का, हे तुमच्या अकाउंटंट बाईंना जितकं कळतं तितकं कुठल्याही इंजिनिअरला कळत नाही, म्हणून त्यांना त्या दिवशी बोलवा, आणि रविवार मोडल्याबद्दल बदली सुट्टी द्या.

एक गोष्ट व्हेंडरच्या हातात ठेवू नका, ती म्हणजे निकाल. त्याने चढवावं, तपासावं तुम्ही. एएमसीच्या करारात बहुधा 'बॅकअप सपोर्ट' असे दोन शब्द असतात; त्यांच्या जागी 'दर तीन महिन्यांनी वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करून दाखवणे' हे लिहून घ्या आणि यंदाच्या नूतनीकरणाचा चेक त्याआधी फाडू नका. त्याने सोयीसाठी सर्व्हरवर कायम चालू ठेवलेलं एनीडेस्क आणि इंटरनेटला उघडा ठेवलेला रिमोट डेस्कटॉप त्याच दिवशी बंद करून घ्या. खाजगी कंपन्यांना तर पर्यायच नाही: ५ ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. तो चढवून तपासा, असं मात्र तो नियम सांगत नाही. ऑडिटरांनी विचारावं, ही त्यांना वेगळी विनंती. आणि दुर्दैवाने हल्ला झालाच तर तो दडवू नका. सर्ट-इन या केंद्रीय सायबर सुरक्षा यंत्रणेला सहा तासांत कळवणं बंधनकारक आहे, आणि पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा.

निकाल लागला की एप्रिलच्या मासिक सभेच्या इतिवृत्तात लिहा: कुठल्या तारखेचा बॅकअप, कुणी चढवला, किती वेळ लागला, तेरीज जुळली की नाही. खाली सचिवांची सही. पुढची तारीख जूनची धरा, पाऊस जोर धरायच्या आत.

आणि रविवारी बॅकअप उघडलाच नाही तर सोमवारची वाट बघू नका. सॉफ्टवेअरमधून सगळ्यांना बाहेर काढा, डेटाबेसची सेवा बंद करा, डेटाचं संपूर्ण फोल्डर कोऱ्या डिस्कवर कॉपी करा, डिस्क सर्व्हरपासून सोडवा, तिच्यावर तारीख लिहा आणि ती ऑफिसबाहेर घेऊन जा. व्हेंडरला फोन त्यानंतर.